निकाल लागण्याआधीची बोलणी

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांना बरेचदा कुलूप असायचं. नर्सची नेमणूक होती, पगार निघत होता, पण बाई कधी येणार हे गावाला ठाऊक नसायचं. २००६ साली जिल्ह्याचं आरोग्य प्रशासन, ‘सेवा मंदिर’ ही तिथली जुनी संस्था आणि अर्थशास्त्रज्ञांचा एक गट एकत्र आले. उपाय साधा होता. नर्सनं तारीख-वेळेचा शिक्का उमटवणाऱ्या यंत्रावर हजेरी नोंदवायची, संस्थेनं त्या नोंदी गोळा करायच्या आणि गैरहजेरी मर्यादेपलीकडे गेली की प्रशासनानं पगार कापायचा. पहिले काही महिने हजेरी झपाट्यानं वाढली. मग नोंदींत ‘गैरहजर’च्या जागी ‘सूट’ दिसू लागली. आज बैठक होती, आज सर्वेक्षण होतं, आज दुसरीकडे काम होतं. ही सूट मंजूर करत होतं ते प्रशासनच. सोळा महिन्यांनी पाहिलं तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत काहीही फरक उरला नव्हता.

त्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत त्याआधी असाच प्रयोग झाला होता. शिक्षकानं दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत फोटो काढायचा, कॅमेऱ्यात तारीख-वेळ उमटायची आणि पगार त्या हिशेबानं निघायचा. कॅमेरा नसलेल्या शाळांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेरा असलेल्या शाळांत २१ टक्के.

यंत्रानं दोन्हीकडे आपलं काम केलं. शाळा मात्र संस्थेच्या स्वतःच्या होत्या, त्यामुळं पगार कापायचा ठरला की तो कापला जायचा. उपकेंद्रांच्या बाबतीत कापण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांची तशी इच्छा टिकली नाही. पुराव्यावर आधारित गरिबी निर्मूलनात ‘भागीदारी उभारणं’ हे करिअर कसं असतं असं कोणी विचारलं, की मी ही दोन उदाहरणं सांगते. या नोकरीतलं निम्मं काम त्या ‘सूट’ नावाच्या रकान्याचा अंदाज आधीच घेण्याचं असतं.

जाहिरातीत या पदाला पार्टनरशिप मॅनेजर, पॉलिसी असोसिएट, गव्हर्न्मेंट एंगेजमेंट असली नावं असतात. नावात फारसं काही नाही. एका बाजूला अधिकार आणि अंदाजपत्रक असलेलं सरकार, दुसरीकडे गावात काम करणाऱ्या संस्था, तिसरीकडे मोजमाप करणारे संशोधक, चौथीकडे पैसे देणारे. चौघांची घाई वेगळी, भीती वेगळी. सरकारला पुढच्या अंदाजपत्रकाआधी उत्तर हवं असतं. संशोधकाला दोन वर्षांनी, पण पक्कं उत्तर हवं असतं. संस्थेला आपलं काम चांगलं आहे याची खात्रीच असते, तिला हवा असतो शिक्का. देणगीदाराला अहवालाच्या मुखपृष्ठावर छापता येईल असा आकडा हवा असतो. या चौघांना एकाच प्रश्नावर आणायचं आणि उत्तर येईपर्यंत बांधून ठेवायचं, हे तुमचं काम.

पुरावा म्हणजे काय, हे थोडक्यात. एखादी योजना राबवल्यानंतर गावाची स्थिती सुधारली, एवढ्यावरून योजनेचं यश सिद्ध होत नाही. पाऊस चांगला झाला असेल, रस्ता झाला असेल, कापसाला भाव मिळाला असेल. म्हणून योजना मिळालेली गावं आणि न मिळालेली तशीच गावं यांची तुलना करावी लागते, आणि कोणाला आधी मिळेल हे शक्यतो चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. म्हणजे सरपंचाची ओळख किंवा गावाचा मूळचा उत्साह निकालात मिसळत नाही. या पद्धतीसाठी २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला पूर्वाश्रमीच्या पाटणकर. त्या वर्षी आपल्या वर्तमानपत्रांनी हे पुरेसं सांगितलं, म्हणून इथं आवरतं घेते.) पद्धत नवी म्हणावी तर तीही पूर्ण नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या, आणि तुलनेसाठी ४७ गावं मोजली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, पण तुलनेची गावं होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होती. म्हणून हा पुरावा टिकला.

तरीही देशभरच्या आशाताईंच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं अधिकृतपणे यायला २०११ उजाडलं. मधल्या बारा वर्षांत पुरावा नव्हता असं नाही. ती बारा वर्षं इतर ठिकाणी करून पाहण्यात, डॉक्टरांच्या शंका मिटवण्यात, ‘गावातली बाई इंजेक्शन कशी देणार’ या प्रश्नाला पुन्हा पुन्हा उत्तर देण्यात आणि पैशाची वाट शोधण्यात गेली. पुरावा आणि धोरण यांच्यामधल्या या पट्ट्यात काम करणाऱ्यांची संख्या अजूनही कमी आहे. तुमचं करिअर याच पट्ट्यात आहे.

आता मुद्द्याचं. भागीदारी म्हणजे सामंजस्य करारावरच्या सह्या आणि फोटो नव्हे. निकाल येण्याआधी, कोणता निकाल आला तर कोण काय करणार, हे ठरलेलं असेल तर ती भागीदारी. लग्नाची बोलणी बैठकीत होतात, मांडवात नाही. मोजणी संपून आकडे हाती आल्यावर ‘आता काय करायचं’ यावर चर्चा सुरू झाली, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढणार हे ठरलेलं.

एक नमुना देते. तमिळनाडूत अंगणवाडीत एक अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली तर काय होतं, याचा अभ्यास झाला. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, शिकणं सुधारलं आणि खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं. समजा आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेनं हे करून पाहायचं ठरवलं. महिला व बालकल्याण विभाग उत्सुक आहे, सीईओ मॅडमनी होकार दिला आहे. अशा वेळी दहा पानी प्रस्तावाच्या आधी एक अर्ध्या पानाचं टिपण करा. त्यात तीनच ओळी असाव्यात. पहिली: मुलांच्या शिकण्यात फरक पडला आणि दर मुलामागचा खर्च ठरलेल्या मर्यादेत राहिला, तर पुढच्या वर्षीच्या जिल्हा वार्षिक योजनेत तरतूद मागायची, प्रस्ताव विभाग करेल. दुसरी: फरक पडला, पण फक्त पर्यवेक्षिका नियमित भेट देतात त्याच बीटांत, तर आधी पर्यवेक्षिकांच्या रिक्त जागांचा प्रश्न घ्यायचा आणि मगच विस्तार. तिसरी: फरक पडला नाही, तर योजना वाढवायची नाही, अहवाल तरीही प्रसिद्ध होईल, विभागाला तो तीस दिवस आधी वाचायला मिळेल आणि विभागाचं म्हणणं अहवालातच जोडलं जाईल.

तिसऱ्या ओळीवर बैठकीत शांतता पसरते. पसरू द्या. कोणी म्हणेल, ‘ते नंतर बघू, आधी चांगलं काहीतरी होऊ दे.’ तिथं गोड हसून विषय सोडून देणारा माणूस या कामाचा नाही. ‘साहेब, मग आपण मोजायचंच कशाला?’ हे आदरानं पण स्पष्ट विचारता आलं पाहिजे. यावर ज्यांनी नाराज होऊन विषय बदलला त्यांच्यासोबत मोठा अभ्यास सुरू करू नका. छोटं काहीतरी करा, विश्वास वाढू द्या. जे म्हणतात ‘तीस दिवसांऐवजी साठ द्या, आणि जिल्ह्याचं नाव पत्रकार परिषदेत नको’, त्यांच्याशी भागीदारी होते. ते खरोखर बोलणी करत आहेत.

हरियाणाचं उदाहरण इथं उपयोगी आहे. २०१२-१३ मध्ये राज्य सरकारसोबत दोन गोष्टी तपासल्या गेल्या. एक, ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत: मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणं गटात बसवून शिकवणं. दुसरी, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानंतर देशभर लागू झालेली सरकारचीच योजना. पहिलीनं मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. दुसरीचा शिकण्यावर परिणाम दिसला नाही. एकाच भागीदारीतून एक सुखावणारं आणि एक अडचणीचं उत्तर आलं, आणि दोन्ही प्रसिद्ध झाली. आधी बोलणं झालेलं नसतं तर दुसऱ्या उत्तराचं काय झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

‘प्रथम’च्या या पद्धतीच्या प्रवासात आणखी एक धडा आहे, आणि तो नवख्यांच्या लक्षात उशिरा येतो. ‘प्रथम’ मुंबईतली संस्था. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत तिच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची, आणि त्याचा फायदा दिसला. म्हणजे पुरावा आला. मग बिहार आणि उत्तराखंडात हेच सरकारी शिक्षकांच्या हाती देऊन पाहिलं. प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, आणि शाळेच्या नेहमीच्या वेळात परिणाम जवळपास शून्य. बिहारमध्ये त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात मात्र मुलांना वाचायला शिकवलं. म्हणजे शिक्षकांना येत होतं. वर्षभर अभ्यासक्रम संपवण्याच्या रेट्यात त्यांना ते करायला जागा नव्हती. हरियाणात म्हणून रोजचा एक तास वेगळा काढला, त्या तासात पाठ्यपुस्तक बंद ठेवलं आणि देखरेख करणारे अधिकारी आधी स्वतः वर्गात शिकवून आले. उत्तर प्रदेशात शाळांची घडी इतकी विस्कटलेली होती की तिथं ‘प्रथम’च्या माणसांनीच शाळेच्या वेळात छोटी शिबिरं घेतली. तिथली सुधारणा फार मोठी होती.

‘पद्धत सिद्ध झाली आहे, आता फक्त राबवायची’ असं वाक्य कुणी बोललं की सावध व्हा. एका ठिकाणी सिद्ध झालेल्या कामात नेमकं काय चाललं, ते इथं कोणाच्या हातून होणार आणि त्या माणसाच्या दिवसात त्याला वेळ कुठून येणार, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले नाहीत तर कोणीच विचारत नाही. संशोधकाचं लक्ष मोजणीवर असतं, अधिकाऱ्याचं उद्दिष्टावर.

अतिगरीब कुटुंबांसाठीच्या कार्यक्रमाची गोष्टही अशीच. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत सर्वांत गरीब घराला शेळ्या, गाय किंवा छोट्या दुकानाचा माल द्यायचा, काही महिने घरखर्चाला थोडी रोख द्यायची, बचत करायला लावायची आणि दर आठवड्याला भेट द्यायची. सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांवरचा अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. बहुतेक ठिकाणी मिळकत, खाणं, बचत सुधारली होती. पश्चिम बंगालमध्ये ‘बंधन’ संस्थेनं केलेल्या कामाचा फायदा दहा वर्षांनीही टिकून असल्याचं पुढं दिसलं. बिहारनं हे २०१८ पासून ‘सतत जीविकोपार्जन योजना’ म्हणून हाती घेतलं. पण बिहारच का? २०१६ च्या दारूबंदीनं ताडी-दारूवर जगणाऱ्या घरांचं उत्पन्न बुडालं होतं आणि सरकारला त्यांच्यासाठी काहीतरी हवं होतं. शिवाय ‘जीविका’ या सरकारी अभियानाचे बचत गट गावोगाव आधीच होते. पुरावा तयार होता, पण दार उघडलं ते सरकारच्या स्वतःच्या अडचणीनं. म्हणून भागीदारी करणाऱ्यानं आपल्या खात्यातला पुरावा जेवढा पाठ करावा, तेवढीच सरकारची यंदाची डोकेदुखीही पाठ करावी. विधानसभेतले तारांकित प्रश्न वाचा. ती त्या डोकेदुखीची यादीच असते.

सरकारसोबत काम म्हणजे कॅलेंडरसोबत काम. मोठ्या बदल्या एप्रिल-मेमध्ये. नव्या साहेबांना विषय समजायला पावसाळा. डिसेंबरात नागपूर अधिवेशन, तेव्हा मंत्रालयातली माणसं आणि फायली दोन्ही नागपुरात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्च करण्याची धावपळ. मध्ये कधीही आचारसंहिता. या सगळ्यातून नव्या कामाला उरलेल्या खिडक्या लहान असतात. म्हणून एकाच अधिकाऱ्याच्या उत्साहावर काम उभारू नका. आयएएस अधिकारी बदलून जातो, कक्ष अधिकारी बहुधा राहतो. टिप्पणी तोच लिहितो, आणि फाइल त्याच्याकडून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढते. त्याला विषय नीट समजावून सांगितला, आकडे एका कागदावर दिले, मागचा संबंधित शासन निर्णय शोधून दिला, तर तुमची फाइल चालते. कक्ष अधिकाऱ्याला टाळून थेट सचिवांच्या केबिनमध्ये जाण्याची हौस बऱ्याच संस्थांना असते. तिथं चहा चांगला मिळतो, फाइल खालीच राहते.

शासन निर्णय वाचण्याची सवय लावून घ्या, आणि वाचताना शेवटाकडून सुरुवात करा. खाली ‘वित्त विभागाच्या सहमतीने’ आणि अनौपचारिक संदर्भ क्रमांक असेल तर पैशाचा विषय मार्गी लागलेला आहे. कोणत्या लेखाशीर्षातून खर्च होणार ते लिहिलेलं असतं. आहरण व संवितरण अधिकारी कोण, ते असतं. आणि ‘प्रति’च्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांनाच हे काम करायचं आहे. जिल्ह्यातला जो अधिकारी तुम्हाला आवश्यक आहे तो त्या यादीत नसेल, तर तो ‘मला पत्र नाही’ म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

प्रत्येक प्रश्नाला दोन वर्षांचा अभ्यास लागत नाही. २०१८ मध्ये तेलंगणानं ‘रयतु बंधू’ योजनेत शेतकऱ्यांना धनादेश वाटायला घेतले. संशोधकांनी सुचवलं ते इतकंच: काही मंडलांतल्या कृषी अधिकाऱ्यांना सांगा की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून पैसे पोचले का ते विचारलं जाणार आहे. कोणत्या मंडलांना सांगायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. तिथं वाटप थोडं सुधारलं आणि फोनचा खर्च नगण्य होता. सरकारची घाई होती, म्हणून प्रश्न घाईत बसेल असा बेतला. अशी लवचिकता दाखवणाऱ्या संस्थांना सरकार पुन्हा बोलावतं.

कधी पुराव्याचा उपयोग वेगळाच होतो. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटाच्या ठशाच्या स्मार्टकार्डवर द्यायला लागल्यावर पैसे लवकर मिळू लागले आणि गळती घटली. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखठणकर यांनी सरकारसोबत मोठ्या प्रमाणावर ते मोजलं. कोणत्या मंडलात कार्ड आधी जाईल हे चिठ्ठीनं ठरलं होतं. पण नेत्यांच्या कानावर तक्रारीच येत होत्या, कारण ज्यांचा मधला वाटा बुडाला ते बोलत होते आणि ज्यांना वेळेवर मजुरी मिळाली ते गप्प होते. लाभार्थ्यांना विचारल्यावर कळलं की त्यांच्यातल्या फार मोठ्या बहुसंख्येला नवी पद्धतच हवी आहे. गप्प बसणाऱ्यांचं म्हणणं मोजून मांडणं हेही या नोकरीत येतं.

आता गावातला अवघड प्रश्न. ‘आम्हाला का नाही? शेजारच्या गावाला दिलंत.’ ग्रामसभेत हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. त्याला ‘संशोधनाची गरज’ हे उत्तर देऊ नका. उत्तर खरं असेल तर ते सोपं असतं: यंदा पैसे निम्म्या गावांपुरते आहेत, कोणाला आधी ते सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून ठरेल, उपयोग झाला तर पुढच्या वर्षी उरलेल्यांना. हे खरं नसेल, म्हणजे पैसे सगळ्यांपुरते असतील आणि उपयोगही आधीच सिद्ध असेल, तर तुलना करण्याचा तुम्हाला हक्क नाही आणि तुमच्या नैतिक समितीनंही परवानगी देऊ नये. संमतिपत्रक मराठीत असून पुरत नाही. मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया बोलणारी बाई ते ऐकून काय समजली, हे तिच्याकडून वदवून घ्यावं लागतं. नावं, मोबाइल नंबर, आधार क्रमांक यांची एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर फिरू देणारा सहकारी दिसला तर त्याच दिवशी थांबवा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहेच, पण कायदा नसता तरी ते चुकीचंच होतं.

पैशांची भाषा शिकावी लागेल. कंपनी कायदा २०१३ प्रमाणं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत. २०२१ च्या नियमांनी ज्यांचं हे दायित्व १० कोटी किंवा अधिक आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घेणं बंधनकारक केलं. यामुळं नोकऱ्या वाढल्या, पण त्यातल्या पुष्कळ ‘मूल्यमापनां’त तुलनेचा गटच नसतो, लाभार्थी समाधानी आहेत का एवढं विचारून रंगीत अहवाल छापतात. तिथं काम करायला हरकत नाही, हिशेब आणि शिस्त शिकता येते. फक्त त्याला पुरावा म्हणू नका. परदेशी देणगीच्या कायद्यातली २०२० ची दुरुस्ती आणखी महत्त्वाची: एका संस्थेला आलेला परदेशी निधी आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. चार संस्थांची भागीदारी करताना कोणाचा पैसा कोणाच्या खात्यात थेट येणार हे पहिल्या दिवशी कागदावर काढा.

शिरायचं कुठून? अर्थशास्त्र, समाजकार्य, ग्रामीण व्यवस्थापन, संख्याशास्त्र, यांपैकी काहीही चालतं. मुंबई किंवा तुळजापूरची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याची गोखले संस्था, आणंदची इर्मा इथली मुलं या क्षेत्रात भरपूर दिसतात. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप प्रशासन आतून दाखवते. ‘जे-पाल’, ‘आयडीइनसाइट’, ‘प्रथम’ अशा संस्था आणि ‘उमेद’सारखी सरकारी अभियानं, दोन्हीकडे जागा निघतात. आकडेवारी कच्ची असेल तर ‘जे-पाल’ आणि एमआयटीचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स घरबसल्या करता येतो. पण माझं ठाम मत आहे की पहिलं काम सर्वेक्षणाचं घ्यावं. उन्हात दारोदार फिरून ‘गेल्या सात दिवसांत घरात डाळ किती वेळा शिजली?’ हे विचारल्याशिवाय आकडा किती ठिसूळ असतो ते कळत नाही. सासू उत्तर देते आणि सून मागून मान हलवते. फॉर्ममध्ये त्या मानेला रकाना नसतो. पुढं तुम्ही मंत्रालयात तो आकडा मांडाल तेव्हा ‘हे बायकांना कसं विचारलंत?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

चांगलं मराठी लिहिता येणं ही इथं मोठी जमा बाजू आहे. दिल्लीहून आलेला इंग्रजी अहवाल जिल्हा परिषदेत कोणी वाचत नाही. तेच दीड पानात, कार्यालयीन मराठीत, शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ म्हणता येईल असं लिहून दिलं तर वाचलं जातं. अमराठी सहकाऱ्यांमध्ये हे एकट्या तुम्हाला येत असेल, तर पगाराच्या बोलण्यात ते सांगायला लाजू नका. पगार आयटीपेक्षा कमी असतो, करार प्रकल्पापुरता असतो, आणि प्रकल्प संपत आला की पुढची सोय आपणच बघायची असते. घरी हे आधी समजावून सांगितलेलं बरं.

कधीतरी एखादा वरिष्ठ फोन करून म्हणेल, ‘अहवालातलं ते एक वाक्य जरा सौम्य करा.’ सौम्य करणं आणि बदलणं यात फरक आहे. ‘योजना अपयशी ठरली’ ऐवजी ‘या कालावधीत शिकण्याच्या पातळीत फरक आढळला नाही’ असं लिहिणं सौम्य, आणि बहुतेकदा जास्त अचूकही. ‘संमिश्र परिणाम दिसले’ हे बदलणं. पहिलं करा, दुसरं करू नका, आणि फोन संपल्यावर झालेलं बोलणं ईमेलनं दोन ओळींत कळवा.

मुलाखतीला गेलात की शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारतील. तेव्हा सुट्ट्या आणि लॅपटॉपआधी एक गोष्ट विचारा: तुमच्या कोणत्या अभ्यासाचा निकाल भागीदाराला न आवडणारा आला, तो छापलात का, आणि तो भागीदार आज तुमच्यासोबत आहे का? ज्या संस्थेला नाव, वर्ष आणि पुढं काय घडलं ते न अडखळता सांगता येतं, तिथला पगार दोन हजारांनी कमी असला तरी रुजू व्हा.